आजोबांच्या नावावरची जमीन

“आधी बस. वाईट बातमी उभ्यानं ऐकायची नसते.”

ओझेला टॉलिव्हरचं हे बोलणं आमच्या भागात प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुणाचं माणूस गेलं, कुणाचा मुलगा तुरुंगात गेला, की पहिली पोचायची ती ओझेला. तिच्या एका हातात झाकलेलं भांडं असायचं आणि दुसऱ्या हातानं ती खुर्ची ओढायची. सांत्वन नंतर. तिच्या आईला नवरा गेल्याची बातमी चुलीपाशी उभ्यानं मिळाली होती, आणि ती बाई तशीच तापलेल्या चुलीवर कोसळली होती. भाजल्याचा डाग शेवटपर्यंत तिच्या दंडावर राहिला. त्यामुळे ओझेला हे बोलायची तेव्हा कुणी हसत नसे. मुकाट्यानं बसत.

आमची माती काळी आणि चिकट. ओली झाली की पायातला बूट काढून घेते, वाळली की मनगट आत जाईल इतकी फाटते. आमच्या आज्यांनी तिच्यात कापूस वेचला. पुढे कापूस गेला, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की ही माती पाणी जिरू देत नाही. मग शेतांची तळी झाली आणि तळ्यांत कॅटफिश सोडले गेले. तेव्हापासून आमच्याकडे दोन आभाळं आहेत, एक वर आणि एक तळ्यांत, आणि संध्याकाळी पांढरे बगळे कुठल्या आभाळात उतरावं म्हणून घुटमळत राहतात. अलाबामात याहून सुंदर संध्याकाळ कुठे असेल असं मला वाटत नाही, आणि कुणी सांगितलं तरी मी मानणार नाही.

ते मासे सोलायच्या कारखान्यात ओझेलानं जन्म काढला. मीही तिथेच होतो, बर्फाच्या बाजूला. चर्चची व्हॅनही मीच चालवतो. म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तिचा नवरा हर्शेल दोन वर्षं आजारी होता. तो गेला आणि मागे इस्पितळाचं देणं राहिलं, शिवाय पिकअप गाडीचं कर्ज. तेव्हा ओझेलानं ‘तेरा’ घेतलं. आमच्याकडे यात लाजण्यासारखं काही नाही, निम्मं चर्च त्यातून गेलेलं आहे. दिवाळखोरीच्या कायद्यात कलमांचे क्रमांक आहेत, आणि लोक नुसते क्रमांक बोलतात. तेरा म्हणजे कोर्ट तुमच्या पगारातून परस्पर हप्ता कापणार, पाच वर्षं फेडायचं, पण तुमची वस्तू कुणी विकायला काढणार नाही. सात म्हणजे हप्ता नाही, फेडणं नाही. पण कोर्टानं नेमलेला विश्वस्त तुमच्याकडे काय काय आहे ते बघणार, विकण्याजोगं असेल ते विकून सावकारांना वाटणार आणि उरलेलं कर्ज पुसणार. तेरा पगारदारांचं, सात ज्यांचा पगार गेला त्यांचं. चर्चच्या अंगणात माणसं एकमेकांना सहज विचारतात, “तू तेरावर की सातवर?” कुठल्या रस्त्यानं आलास म्हणून विचारावं तसं.

ओझेलाचं तेरा चौथ्या वर्षात होतं. हप्ता कापून हातात जे यायचं त्यात ती राहायची, आणि दर रविवारी चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायला उभी असायची. “पलीकडचा काठ दिसायला लागला रे क्लीव्ह,” ती मला म्हणायची.

मग एका गुरुवारी मुकादमानं यंत्रं थांबवली आणि सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. त्याचा चेहरा बघूनच ओझेलानं माशांचे रिकामे टब उलटे घालायला सुरुवात केली.

“बसा ग सगळ्या. डोरिथा, तू आधी बस, तुझं ब्लडप्रेशर.”

“मिस ओझेला, मला बोलू तरी द्या,” मुकादम म्हणाला.

“बोल की. आम्ही बसतोय तोवर.”

तो बोलला. मालकानं कारखाना विकला होता, आणि घेणाऱ्याला फक्त तळी हवी होती. बायका टबांवर बसून ऐकत होत्या. ओझेलासाठी टब उरला नव्हता. तिनं ते उभ्यानंच ऐकलं.

पगार थांबला तसा हप्ता थांबला. दोन महिन्यांत कोर्टाची नोटीस आली, की हप्ते भरा नाहीतर प्रकरण काढून टाकतो. मी तिला व्हॅननं वकिलीणबाईंकडे नेलं. मिस रेडिक ही शेजारच्या गावच्या शिक्षकाची मुलगी, आमच्यातलीच. तिची कचेरी म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान. भिंतीवरच्या फळ्या अजून तशाच आहेत, फक्त बुटांच्या जागी फायली.

“हप्ता कमी करून मिळेल?” ओझेलानं विचारलं.

“कशातून भराल, मिस ओझेला? बेकारीचा भत्ता नाताळला संपेल.”

“आणि सोडूनच दिलं तर?”

“मग इस्पितळ दावा लावेल. उद्या कुठे नोकरी लागली की तिथला पगार धरतील. तेराचं सात करून घेऊ. बहुतेकांचं यात काही जात नाही, कारण काही नसतंच.” तिनं पेन उघडलं. “परत एकदा बघू. घर?”

“भाड्याचं.”

“पिकअप जाईल.”

“जाऊ दे. पण नेणाऱ्याला सांग, डावीकडचा दरवाजा आतून उघडत नाही. नाहीतर बिचारा आतच राहील.”

“दागिने?”

“हर्शेलची ही अंगठी. बोटातून निघत नाही. बोटासकट हवी असेल तर—”

“ती कुणी मागत नाही. जमीन?”

“नाही ग पोरी. जमीन कुठली आपल्याकडे.”

मग खर्च आला. भाडं, वीज, गोळ्या, चर्च. ओझेला बोटांवर मोजत सांगत होती. “आणि वर्षातून एकदा आजोबांच्या जमिनीचा कर. माझ्या वाटचा.”

पेन थांबलं.

“कुणाच्या जमिनीचा?”

“आजोबांच्या. इझिकेल मॅबरी. चर्चच्या मागे पेकानची झाडं लागतात ना, तिथून ओढ्यापर्यंत. आमचं सगळ्यांचं दफन तिथंच.”

“आजोबा हयात आहेत?”

ओझेला मोठ्यानं हसली. “आजोबा? माझ्या जन्माआधीच गेले ते.”

“मृत्युपत्र केलं होतं?”

“बोटानं दाखवून गेले. इथं राहा, इथं पेरा, इथं मला पुरा.”

“मग आता ती जमीन कुणाची?”

“सांगतेय ना, आजोबांची.”

मिस रेडिकनं पेन खाली ठेवलं. “मिस ओझेला, आधी बसा.”

“बसलेलीच आहे की.”

“मग नीट बसा.”

यात ओझेलाची लबाडी काडीचीही नव्हती. आमच्यात कुणीच म्हणत नाही की ही माझी जमीन. आमच्या आजोबा-पणजोबांनी कोर्टाच्या इमारतीत जाऊन कागद करणं टाळलं, कारण गोऱ्यांच्या त्या इमारतीतून आमची माणसं काही घेऊन परत आलेली त्यांनी पाहिली नव्हती. ते मेले, जमीन त्यांच्याच नावावर राहिली आणि लेकरं, नातवंडं, पतवंडं तिच्यावर नांदली. कर सगळ्यांनी मिळून भरायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, आजोबांची जागा. ‘माझी’ म्हणणारा माणूस आमच्यात हावरा ठरतो. तेरा घेताना शपथेवर विचारलं तेव्हाही ओझेला ‘नाही’ म्हणाली होती, आणि तिच्या लेखी ते खरं होतं.

“कायदा म्हणतो, मेलेल्या माणसाची जमीन नसते,” मिस रेडिक हळू आवाजात म्हणाली. “ते गेले त्या दिवशी ती वारसांची झाली. त्यात तुमचाही वाटा आहे. तेरामध्ये कुणी काही विकत नाही, म्हणून उकरलं गेलं नाही. सातमध्ये तो वाटा विश्वस्ताच्या हातात जातो. आणि एका वाट्याच्या जोरावर तो कोर्टाला सांगू शकतो, जमीन वाटता येत नाही, सबंध विकून द्या.”

 पलीकडच्या प्रुइट घराण्याचं काय झालं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. क्लीव्हलंड शहरात राहणाऱ्या त्यांच्या एका पुतण्यानं आपला वाटा लाकडाच्या व्यापाऱ्याला विकला. त्या व्यापाऱ्याला वाटा नकोच होता. तो कोर्टात गेला, आणि प्रुइटांची सबंध जागा कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलावात गेली. आज तिथे पाइनच्या सरळ रांगा आहेत, आणि प्रुइटांना आईच्या कबरीपाशी जायचं तर कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर थांबून विचारावं लागतं.

“आणि मी बोललेच नाही तर?”

“मागच्या वेळी तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता गप्प राहिलात तर ते लपवणं होतं. कर्ज पुसलं जाणार नाही, वर खोट्या शपथेचा खटला. आणि एकदा अर्ज केला की तो वाटा तसाही मोकळा राहत नाही, मिस ओझेला. आज ना उद्या कुणीतरी उकरेल.”

“आधी माझ्या माणसांना सांगू दे,” ओझेला म्हणाली.

ऑक्टोबरात करभरणीच्या आधी मॅबरींकडे कबरी खुरपायचा दिवस असतो. आम्ही कबरीवर गवत ठेवत नाही. गवत असलं म्हणजे त्या माणसाचं मागे कुणी उरलं नाही. सगळी मंडळी जमते, खुरप्यांनी आणि फावड्यांनी माती उघडी करते, तिचा नीट उंचवटा करते आणि त्यावर मेलेल्यानं शेवटी वापरलेली वस्तू परत मांडते. हर्शेलच्या कबरीवर त्याचा कॉफीचा कप होता, रिवाजाप्रमाणे बूड फोडलेला. मग पेकानखाली तळलेले मासे, उकडलेले शेंगदाणे, गोड चहा. शेवटी लुशियस मॅबरी कॉफीचा जुना डबा फिरवतो आणि प्रत्येक जण आपल्या वाटचा कर त्यात टाकतो. लुशियस ओझेलाचा चुलतभाऊ. सत्तरीचा, चर्चचा डीकन म्हणजे कारभारी मंडळींतला एक, आणि त्या जागेचा राखणदार. राखणदारी त्याला कुणी दिली नव्हती. घेण्याची हिंमत दुसऱ्या कुणात नव्हती, इतकंच.

ओझेलानं त्याला ओढ्याकडे बाजूला घेतलं. मी व्हॅनमधून खुर्च्या काढत होतो.

“लुशियस, बस जरा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि बसला नाही. “कोण गेलं?”

तिनं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“कुणाला माहीत आहे?”

“वकील पोरीला. क्लीव्हला.”

“क्लीव्ह बोलणार नाही. पोरीला काय पडलंय? कोर्टाच्या वहीत आजही आजोबाच आहेत. त्या साहेबानं विचारलं की म्हण, नाही. मागे म्हणालीस तसं.”

“मागे मला माहीत नव्हतं.”

“मग विसर.”

“हात वर करून, लुशियस?”

“हात तुझा आहे झेला, जमीन सगळ्यांची आहे! तुझ्या एका हातासाठी आई बाहेर काढायची का मी? नाथनकाका बाहेर काढायचा?” त्याचा आवाज चढला तशा पेकानखालच्या बायका गप्प झाल्या. “इस्पितळाचं देणं तू केलंस. मॅबरींनी नाही.”

“हर्शेलला मरायला रस्त्यावर ठेवायला हवं होतं मग.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तू डीकन आहेस. रविवारी काय काय म्हणतोस ते मी दारात उभी राहून ऐकते. एवढं शिकव, खोटी शपथ उजव्या हातानं घेऊ की डाव्या?”

लुशियसनं पाठ फिरवली. तो परत गेला आणि डबा फिरवायला लागला. ओझेलानं आपली घडी केलेली नोट त्यात टाकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

सातच्या अर्जाची सुनावणी टस्कलूसा शहरात, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी होती. ओझेलाची पिकअप तोवर गेली होती. सकाळी व्हॅन घेऊन तिच्या दाराशी गेलो तर लुशियस आधीच पुढच्या सीटवर चढायला उभा, काळा कोट घालून.

“मी येतोय,” तो म्हणाला. “बघायला.”

“काय बघायला?” ओझेलानं विचारलं.

“तू काय म्हणतेस ते.”

ती मागे बसली.  रेडिओ लावायला माझा हात गेला तेव्हा लुशियसनं नुसतं पाहिलं, मी हात मागे घेतला.

खोलीत शाळेसारख्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. आमच्यासारखीच माणसं, चर्चचे कपडे घातलेली, मांडीवर पाकिटं धरून बसलेली. समोर टेबलाशी विश्वस्त, चष्मा घातलेला, सर्दी झालेला माणूस. एकेकाला नावानं बोलावत होता, हात वर, पाच-सहा प्रश्न, पुढचा. दरवाज्यापाशी मिस रेडिकनं ओझेलाला थांबवलं.

“मागच्या अर्जातली जमिनीची दुरुस्ती माझ्या बॅगेत तयार आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर मी ती पुढे करीन. नाही म्हणालात तर मला उठून बाहेर जावं लागेल. मी ओरडणार नाही, पण मी तिथं बसू शकणार नाही.”

“किती ग नीट शिकवलंय तुला बापानं,” ओझेला म्हणाली. त्यात कौतुक होतं की राग, मला कळलं नाही.

तिच्या आधीच्या माणसाची एक बोट होती, मासे धरायची, तुटकी. विश्वस्तानं तिच्याविषयी इतकं खोदून विचारलं की तो माणूस घामाघूम झाला. लुशियस माझ्या शेजारी बसला होता. त्याचा गुडघा हलत होता.

“ओझेला टॉलिव्हर.”

ती पुढे गेली. हात वर केला. रविवारी हातमोजा असतो तो हात. आज उघडा होता, सुरीच्या जुन्या व्रणांचा. शपथ झाली. नाव, पत्ता, कारखाना कधी बंद झाला. तो नाक पुसत होता आणि वर न बघता विचारत होता.

“तुमच्या मालकीची जमीन, घर, किंवा कुठल्याही जमिनीत वाटा?”

 त्यानं वर पाहिलं. मिस रेडिकचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, उठायच्या तयारीत. लुशियसचा गुडघा थांबला.

“मिसेस टॉलिव्हर? हो की नाही एवढंच.”

“साहेब, तुम्ही मला मागेही विचारलं होतं, तुम्ही नाही, तुमच्यासारख्याच एकानं. तेव्हा मी नाही म्हणाले. ते मला वाटत होतं ते सांगितलं. आज वेगळं सांगायचंय.” तिनं टेबलाची कड धरली. “आहे.”

मिस रेडिकनं दुरुस्ती पुढे सरकवली. माझ्या शेजारी लुशियसनं श्वास सोडला, बैलानं सोडावा तसा.

“वारस किती आहेत?” विश्वस्तानं विचारलं.

“आजोबांना नऊ लेकरं. थोरला आयझेया, त्याची मुलं डेट्रॉइटला, त्यातला एक वारला, त्याची तीन. दुसरी बेउला, तिला नाही. तिसरा नाथन—”

“थांबा, थांबा.” त्यानं चष्मा काढला. “या सगळ्यांचे पत्ते कुणाकडे आहेत?”

ओझेला वळली. सबंध खोली वळली. लुशियस सावकाश उभा राहिला.

“माझ्याकडे,” तो म्हणाला. “जे आहेत त्यांचे. बाकीच्यांचे मी रोज सकाळी दाखवू शकतो, ते कुठे जात नाहीत.”

विश्वस्त हसला नाही, पण त्याची लेखणी काही वेळ थांबली. प्रकरण लांबवतो, जागेची किंमत काढायला माणूस पाठवतो, एवढंच तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर लुशियस पुढे बसला, ओझेला मागे. पहिलं तळं दिसलं तेव्हा तो पुढेच बघत म्हणाला, “नाही म्हणाली असतीस तर मी तुझ्याशी जन्मभर बोललो असतो.”

“आणि आता?”

“आता बघतो.”

त्या हिवाळ्यात किंमत काढणारा आला. लाकडी खुंट्या ठोकत पेकानपासून ओढ्यापर्यंत फिरला, कबरींमधूनही फिरला, आणि लुशियस कुंपणाशी उभा राहून त्याच्या बुटांकडे बघत राहिला. फेब्रुवारीत विश्वस्ताचा निरोप मिस रेडिककडून आला. घरच्या मंडळींनी ओझेलाचा वाटा त्याच्याकडून विकत घेतला तर तो जमिनीला हात लावणार नाही. सप्टेंबरपर्यंत वाट बघेन, नाहीतर सबंध जागा विकायला अर्ज करीन.

मॅबरी काही श्रीमंत नव्हेत. लुशियसनं डेट्रॉइटला, शिकागोला, क्लीव्हलंडला फोन लावले. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. एका भाचीनं सांगितलं, विकून टाका एकदाची, मला त्या कबरींची नावंही माहीत नाहीत. लुशियसनं तिला फोनवरच नावं सांगायला सुरुवात केली आणि ती फोन ठेवेपर्यंत थांबला नाही.

आणि दर शनिवारी चर्चच्या मागे ओझेलानं मासे तळले. कढई तिची, सुरी तिची. लोक ताटं विकत घ्यायचे आणि पैसे लुशियसच्या डब्यात पडायचे. आपलाच वाटा आपल्या हातून जावा म्हणून ती उन्हात उभी राहून मासे तळत होती. लुशियस तिच्याशी त्या वेळी बोलायचा, पण कामापुरतंच.

“कॉर्नब्रेड संपलं.”

“मग सांग त्यांना, संपलं म्हणून.”

ऑगस्टात तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं. आता तिचा पगार कुणी कापत नव्हतं. तरी ती शनिवारी यायची.

वर्ष फिरून खुरपायचा दिवस आला. डेट्रॉइटहूनही दोन गाड्या आल्या होत्या. ओझेला हर्शेलच्या कबरीपाशी होती, माती उघडी करून झाली होती, कपाची जागा ती नीट करत होती. लुशियस पेकानखालून आला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. ती त्यानं तिच्यामागे उघडून ठेवली.

“आधी बस, झेला.”

तिनं खुर्चीकडे पाहिलं. हातची माती झटकली. “नाही. सांग तू.”

“कोर्टाचा हुकूम आला. जमीन राहिली. सगळी राहिली.”

“बरं झालं.”

“तुझं देणं पुसलं गेलं. तुझा वाटा माझ्या नावानं घेतला आहे, सगळ्यांच्या वतीनं. तुझं नाव निघालं.”

तिनं मान हलवली. मग ॲप्रनच्या खिशातून घडी केलेली नोट काढली आणि हात पुढे केला. लुशियसनं डबा मागे घेतला.

“तुझ्याकडून आता कर घेता येत नाही. घेतला तर उद्या कुणीतरी म्हणेल, हिचा वाटा अजून आहे.”

तिचा हात तसाच राहिला. आमच्या मागे शेंगदाणे सोलणाऱ्या बायका थांबल्या. कारखाना गेला तेव्हा मी ओझेलाचा चेहरा पाहिला होता, गाडी नेली तेव्हाही पाहिला होता. असा कधी नव्हता झाला. तिनं नोटेची घडी आणखी लहान केली आणि खिशात ठेवली.

“मग हर्शेलच्या शेजारी—” ती म्हणाली, आणि तिनं कबरीलगतच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

लुशियसनं डेट्रॉइटच्या गाड्यांकडे पाहिलं. सगळ्यांना विचारावं लागेल, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो नियमाचा माणूस. पण त्यानं डबा खुर्चीवर ठेवला, तिच्या पायाशी पडलेलं खुरपं उचललं आणि हर्शेलच्या शेजारच्या मोकळ्या जागेतलं गवत खुरपायला लागला. तिथं कुणी नव्हतं. आम्ही माणसावरची जागा खुरपतो, रिकामी कधीच नाही. त्याचे गुडघे मातीत होते, काळी पँट मळत होती, आणि सगळे मॅबरी बघत होते. कुणी हटकलं नाही.

ओझेला बराच वेळ बघत राहिली.

“तिरकं चाललंय, डीकन,” ती म्हणाली. “पाय पूर्वेला यायला हवेत.”

“कळतं मला.”

“कळतं तर मग सरळ कर.”

त्यानं खुरपं हलवून रेघ सरळ केली. तिनं कप एकदा पाहिला आणि रस्त्याकडे निघाली.

“मिस ओझेला, सोडतो मी,” व्हॅनची किल्ली दाखवत मी म्हणालो.

“राहू दे क्लीव्ह. तू जेव.”

ती पेकानच्या सावलीतून बाहेर पडली आणि तळ्यांच्या मधल्या रस्त्यानं चालू लागली, दोन्ही बाजूंना आभाळ घेऊन. मी किल्ली हातात धरून बघत होतो. डेट्रॉइटची कुणी सून कागदी ताट घेऊन बघत होती आणि शेजारणीला विचारत होती, ही कोण? लुशियस गुडघ्यांवरच होता. हात थांबवून तोही बघत होता, ती वळणापलीकडे जाईपर्यंत.